नुसती प्रथिने खाल्ली तर काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यायामशाळेत जाणारी तरुण मुले-मुली, वजन उतरवू पाहणारी मध्यमवयीन मंडळी आणि त्यांच्या काळजीत पडलेले घरचे लोक यांच्याकडून प्रथिनांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक असून पुढे गरोदरपण, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार असे नाजूक अपवाद घेतले आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "रॅबिट स्टार्व्हेशन" हा शब्द वाचनात आला. सशाचा आणि उपासमारीचा काय संबंध?

कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलांत हिवाळा संपत आला की मोठी जनावरे मिळेनाशी होत आणि सापळे लावून जगणाऱ्या लोकांच्या हाती फक्त ससे लागत. रानटी सशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. त्याच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम सव्वादोन ग्रॅम चरबी असते. ससे मुबलक असूनही केवळ त्यांच्यावर दिवस काढणारी माणसे आठवड्याभरात आजारी पडत, भरपेट जेवूनही भुकेली राहत आणि खंगत जात. त्यावरून हे नाव पडले. दोष सशाचा नाही. चरबी उतरलेले हरीण, उपाशी घोडा किंवा आजच्या काळातले कातडी काढलेले बोनलेस चिकन, यांपैकी काहीही दुसऱ्या कशाच्याही जोडीशिवाय खाल्ले तर शरीर त्याच अडचणीत सापडते.

२. पोट भरलेले असताना माणूस उपाशी कसा राहू शकतो?

शरीराला इंधन मिळते ते तीन गोष्टींपासून: कर्बोदके, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने. पहिल्या दोन गोष्टी जळताना मागे फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ठेवतात. प्रथिनांचे तसे नाही, कारण त्यांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन असतो. प्रथिने इंधन म्हणून वापरायची झाली, तर हा नायट्रोजन आधी वेगळा करावा लागतो. तो अमोनियाच्या रूपात सुटतो आणि अमोनिया मेंदूला विषारी असतो, म्हणून यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो युरिया लघवीवाटे बाहेर टाकतात. या युरिया-चक्राचा उलगडा हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये केला.

अडचण अशी की यकृताच्या या कामाला वेगाची मर्यादा आहे. १०० ग्रॅम प्रथिने पूर्णपणे जाळली तर साधारण ३४ ग्रॅम युरिया तयार होतो. आता हिशेब करून पाहू. दिवसाला २,४०० कॅलरी लागणाऱ्या माणसाने त्या केवळ सशाच्या मांसातून मिळवायच्या म्हटल्या, तर त्याला दोन किलोंहून अधिक मांस खावे लागेल आणि त्यातून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातील. एवढ्या प्रथिनांचा निचरा कोणत्याही माणसाचे यकृत रोजच्या रोज करू शकत नाही. शिवाय प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के ऊर्जा ती पचवण्यात आणि त्यांच्यावर प्रक्रिया करण्यातच खर्च होते. स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत हाच खर्च शून्य ते तीन टक्के असतो. म्हणजे माणूस एका बाजूने अमोनिया आणि युरियाचा भार वाहतो आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या इंधनाची टाकी रिकामीच राहते. ही उपासमार अन्नाची नसून ऊर्जेची आहे, एवढे ध्यानात ठेवले तर पुढची बरीचशी उत्तरे आपोआप समजतील.

३. याची लक्षणे कोणती आणि ती किती दिवसांत दिसतात?

सर्वांत आधी येते ती तुपातेलाची, चरबीची अनावर ओढ. त्यानंतर कितीही खाल्ले तरी समाधान न होणे, पोट फुगलेले असतानाही भूक वाटणे, मळमळ, डोकेदुखी, हातापायांत जोर नसणे, चिडचिड आणि नेमके काय होते आहे हे सांगता न येणारी अस्वस्थता असा क्रम दिसतो. साधारण आठवड्याभरात जुलाब सुरू होतात. हेच चालू ठेवले तर रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, आणि अखेरीस जिवावर बेतते.

शहरातल्या माणसाचे चित्र थोडे वेगळे असते, कारण तो सहसा शंभर टक्के मांसावर नसतो. जुलाबाऐवजी त्याला बद्धकोष्ठ होते (तंतुमय पदार्थ ताटातून गेलेले असतात), तोंडाला वास येतो, रात्री झोप लागत नाही, जिना चढताना दम लागतो. ही लक्षणे "शरीर सवय करून घेत आहे" असे म्हणून दडपली जातात, याची मला खरी चिंता वाटते.

४. हे खरोखर कोणाच्या बाबतीत घडले आहे, की नुसत्या शिकारकथा आहेत?

घडले आहे, आणि दोन प्रसंगांची नोंद तर फार स्पष्ट आहे.

१८५७-५८ च्या हिवाळ्यात अमेरिकी सैन्यातील कॅप्टन रँडॉल्फ मार्सी आपली तुकडी घेऊन फोर्ट ब्रिजरहून डोंगर ओलांडून न्यू मेक्सिकोकडे निघाला. बर्फात शिधा संपला तेव्हा त्यांनी सोबतचे घोडे आणि खेचरे मारून खाल्ली. ती जनावरे स्वतःच उपाशी होती, त्यांच्या अंगावर चरबी उरलेली नव्हती. मार्सीने लिहून ठेवले आहे की प्रत्येक माणूस दिवसाला पाच ते सहा पौंड, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन किलो मांस खात होता, तरीही सगळे अशक्त आणि बारीक होत गेले. बारा दिवसांनंतर त्यांच्याकडून फारसे श्रमाचे काम होईना, आणि त्यांना सतत चरबीयुक्त मांसाची आस लागून राहिली.

दुसरा प्रसंग रुग्णालयातला आहे. आर्क्टिक प्रदेशात अनेक वर्षे काढलेला संशोधक विल्यालमूर स्टेफान्सन सांगत असे की माणूस केवळ मांसावर निरोगी राहू शकतो. डॉक्टरांचा त्यावर विश्वास नव्हता. तेव्हा १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात तो आणि त्याचा सहकारी कार्स्टन अँडरसन वैद्यकीय देखरेखीखाली वर्षभराच्या मांसाहाराच्या प्रयोगाला बसले. सुरुवातीला स्टेफान्सनला मुद्दाम चरबी काढलेलेच मांस देण्यात आले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्याला मळमळ आणि जुलाब सुरू झाले. आर्क्टिकमध्ये दोन-तीन आठवड्यांनी दिसणारी लक्षणे येथे तीन दिवसांत दिसली. मग त्याला चरबीसकट मांस दिले गेले आणि दोन दिवसांत तो सावरला. पुढचे वर्ष दोघांनीही मांसावरच काढले, पण त्यांच्या ऊर्जेचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून मोठा वाटा चरबीतून येत होता. माणूस तोच, रुग्णालय तेच, खाणेही मांसच. बदलली ती फक्त चरबी.

५. मग इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या मांसावर कसे जगले?

आपल्याकडे ज्यांना अजूनही एस्किमो म्हटले जाते, ते इन्युइट लोक सील, व्हेल आणि वॉलरस यांची जाड चरबी खात. बिनचरबीचे तुकडे ते अनेकदा कुत्र्यांना घालत. व्हेलची कातडी चरबीसकट कच्ची खाण्याची त्यांची पद्धत असल्याने त्यांना क जीवनसत्त्वही मिळे. उत्तर अमेरिकेतील मैदानी जमातींचे पेमिकन हे असेच शहाणपणाचे अन्न होते. वाळवून कुटलेले मांस आणि वितळवलेली चरबी जवळपास समान वजनाने एकत्र करून ते टिकाऊ लाडवासारखे करत. हाडे फोडून मगज काढणे, मेंदू आणि जीभ आधी खाणे या सवयी शिकारीवर जगणाऱ्या अनेक समाजांत आढळतात, आणि त्यामागचे कारण हेच आहे.

६. किती प्रथिने म्हणजे "जास्त"? एक आकडा सांगा.

एक आकडा पुरत नाही, दोन पाहावे लागतात.

पहिला आकडा वजनाप्रमाणे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलोंच्या माणसाला हे पन्नास ग्रॅम झाले. नियमित, जोरकस व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणात १.४ ते २ ग्रॅमपर्यंतचा पल्ला सर्वसाधारणपणे मान्य आहे.

दुसरा आकडा वाट्याचा, आणि आपल्या विषयात तोच निर्णायक आहे. दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी किती टक्के ऊर्जा प्रथिनांतून येते, ते पाहावे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हा वाटा १० ते ३५ टक्के असा सांगितला आहे. ३५ ते ४० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर यकृताची मर्यादा जवळ येऊ लागते. भरपूर जेवणारा नव्वद किलोंचा खेळाडू १८० ग्रॅम प्रथिने खाऊनही सुरक्षित असू शकतो, कारण त्याच्या ताटात भात, पोळी, तेल, फळे हे सगळे असते. याउलट कमी जेवणाऱ्या माणसाने त्याहून कमी ग्रॅम खाल्ले तरी त्याचा वाटा धोक्याच्या रेषेपलीकडे जातो.

वाटा काढणे सोपे आहे. प्रथिनांच्या ग्रॅमला ४ ने गुणावे आणि दिवसाच्या एकूण कॅलरींनी भागावे.

७. मी २६ वर्षांचा आहे, वजन ६८ किलो. "कटिंग" साठी (अंगावरची चरबी उतरवण्यासाठी) रोज ६०० ग्रॅम चिकन ब्रेस्ट, १० अंड्यांचा पांढरा भाग, दोन स्कूप आयसोलेट (प्रोटीन पावडर) आणि काकडी खातो. तेल, भात, पोळी बंद आहे. तीन आठवडे झाले, आता हात थरथरतात. काय चुकते आहे?

हा प्रश्न थोड्याफार फरकाने इतक्या वेळा येतो की त्याचा हिशेब येथे पूर्ण मांडतो.

कातडी काढलेल्या ६०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये साधारण १३५ ग्रॅम प्रथिने आणि ७२० कॅलरी असतात. दहा अंड्यांच्या पांढऱ्या भागातून ३६ ग्रॅम प्रथिने आणि १७० कॅलरी मिळतात. दोन स्कूपमधून ५० ग्रॅम प्रथिने आणि २२० कॅलरी धरू. काकडीची ऊर्जा नगण्य आहे. बेरीज झाली २२१ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १,११० कॅलरी. प्रथिनांच्या कॅलरी झाल्या ८८४, म्हणजे एकूण ऊर्जेच्या जवळपास ८० टक्के. प्रश्न १ मधल्या रानटी सशाच्या मांसाचे हेच गणित केले तर उत्तर ७६ टक्के येते. आपण घरातल्या डब्यातून सशाचेच जेवण जेवत आहात, किंबहुना त्याहूनही कोरडे. स्निग्ध पदार्थ दिवसाला वीस ग्रॅमच्या आत आहेत आणि एकूण ऊर्जा आपल्या वयाच्या, व्यायाम करणाऱ्या पुरुषाच्या गरजेच्या निम्मीही नाही.

हा आहार आजच बदला. प्रथिने १२० ग्रॅमच्या आसपास आणावीत, दोन्ही जेवणांत भात किंवा भाकरी घ्यावी, फोडणी तेलाची असावी, चार अंडी पिवळ्या भागासकट खावीत, मूठभर शेंगदाणे आणि एखादे फळ असावे. वजन उतरवायचेच असेल तर रोजच्या गरजेपेक्षा तीनशे-चारशे कॅलरी कमी खाऊन ते उतरते, फक्त सावकाश उतरते. हात थरथरणे दोन-तीन दिवसांत थांबले नाही, किंवा छातीत धडधड होत असेल, तर प्रश्न १७ पाहावा आणि रक्तातील पोटॅशियम, सोडियम व मॅग्नेशियम तपासून घ्यावे.

८. कोल्हापूरच्या तालमीतले पैलवान तर आमच्यापेक्षा कितीतरी जास्त खातात. त्यांना काही का होत नाही?

कारण त्यांचा खुराक कोरडा नसतो. थंडाईत बदाम, खसखस आणि दूध, जोडीला तूप, जेवणात मटण, तेलाचा तवंग असलेला रस्सा आणि भाकरी. त्यात प्रथिने भरपूर असतात, पण बदामात, दुधात आणि तुपात चरबी, तर भाकरीत कर्बोदके असल्यामुळे प्रथिनांचा वाटा मर्यादेतच राहतो. शिवाय पहाटेपासून जोर, बैठका आणि लढती यांत तो सगळा खुराक जिरतो. खुराक नुसता मांसाचा नसावा, ही तालमीची रीत पोषणशास्त्राच्या कसोटीवर खरी उतरते आणि मला तिच्याबद्दल आदर वाटतो. व्यायाम सोडल्यानंतर तोच खुराक चालू ठेवणाऱ्यांना वेगळे त्रास होतात, पण तो या पानाचा विषय नाही.

९. आम्ही शाकाहारी आहोत. डाळी, कडधान्ये, पनीर जास्त खाल्ल्याने असे होऊ शकते का?

डाळी आणि कडधान्यांनी होणार नाही. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असली, तरी त्याच्या अडीचपट कर्बोदके असतात. साध्या पनीरमध्ये चरबी असतेच. वरणभातावर तुपाची धार घेणाऱ्या घरात हा आजार शिरत नाही.

अपवाद सोया चंक्सचा. ते तेल काढलेल्या सोयापिठापासून बनवतात, त्यामुळे १०० ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये ५२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि चरबी अर्धा ग्रॅम असते. सोया चंक्स, प्रोटीन पावडर आणि सॅलड एवढ्यावरच राहणारा शाकाहारी माणूस प्रश्न ७ मधल्या वाचकाच्या जवळ पोहोचतो.

१०. किटो आहार म्हणजे हेच का?

नाही, तो जवळजवळ याच्या उलट आहे. खऱ्या किटो आहारात सत्तर टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चरबीतून येते आणि प्रथिने मध्यम असतात. घोटाळा होतो तो असा की लोक किटोचे नाव ऐकून भात-पोळी सोडतात आणि जुन्या भीतीने तेल-तूपही सोडतात. दोन्ही गेल्यावर ताटात प्रथिनांशिवाय काहीच उरत नाही. या विकाराकडे जाणारी आजची सर्वांत सामान्य वाट हीच आहे.

११. अंड्याचा फक्त पांढरा भाग खाणे चांगले असे प्रशिक्षक सांगतात. कच्चा प्यायला तर?

पांढऱ्या भागात प्रथिने आणि पाणी, एवढेच जवळजवळ असते. अ, ड आणि ई जीवनसत्त्वे, कोलीन आणि अंड्यातली सगळी चरबी पिवळ्या भागात असते. बाकी जेवण पूर्ण असेल तर पांढऱ्या भागाने अपाय नाही, पण ज्याने तेल-तूप आधीच बंद केले आहे, त्याने पिवळा भागही टाकला तर चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे येणार कोठून? आहारात चरबीच नसेल तर भाज्यांतले कॅरोटीनदेखील नीट शोषले जात नाही.

कच्चा पांढरा भाग मुळीच पिऊ नये. त्यात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट धरून ठेवते. रोज मोठ्या प्रमाणात प्यायल्यास केस गळणे आणि त्वचेवर चट्टे येणे असे त्रास होतात. शिजवल्यावर ॲव्हिडिन निकामी होते. साल्मोनेलाच्या संसर्गाचा धोका आहेच.

१२. प्रोटीन पावडरने कोणी दगावल्याचे ऐकले. ते खरे आहे का?

सत्तरच्या दशकातली एक घटना या संदर्भात प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे. अमेरिकेत जनावरांची कातडी आणि इतर संयोजी ऊतींपासून काढलेल्या कोलॅजेनचे "द्रव प्रथिन" वजन कमी करण्यासाठी विकले जाऊ लागले. लोक आठवडेच्या आठवडे दिवसाला तीनशे-चारशे कॅलरींच्या या द्रवावर राहत. १९७७-७८ च्या सुमारास या आहारावरच्या साठेक लोकांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी कित्येक जण हृदयाचे ठोके अचानक बिघडून गेले. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, शिवाय त्या द्रवात खनिजेही पुरेशी नव्हती. अशा उपासमारीत शरीर स्वतःचे स्नायू मोडते, आणि हृदयही स्नायूच आहे.

आजची व्हे पावडर (दुधातील प्रथिनांची पावडर) त्या द्रवापेक्षा दर्जाने पुष्कळ चांगली असते. जेवणाला जोड म्हणून एखादा स्कूप घेणे आणि जेवणाऐवजी पावडरवर राहणे यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. केस-त्वचेसाठी विकल्या जाणाऱ्या कोलॅजेन पावडरींना पूर्ण प्रथिन समजू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत असेच सांगितले आहे.

१३. मग माझ्या लठ्ठ नातेवाइकाला डॉक्टरांनीच जवळपास नुसत्या प्रथिनांचा आहार कसा दिला?

हा खरा अपवाद आहे. अतिस्थूल रुग्णांना काही काळ अत्यल्प कॅलरींचा, बहुतांशी प्रथिनांचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली दिला जातो. त्यात प्रथिनांचे ग्रॅम बेताचे ठेवलेले असतात. चरबी ताटात नसली तरी ती रुग्णाच्या अंगावर असते, आणि एक किलो साठवलेल्या चरबीतून सात हजारांहून अधिक कॅलरी मिळतात. प्रथिनांना इंधन व्हावे लागत नाही, ती स्नायू राखण्याचे काम करतात. सोबत पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि जीवनसत्त्वे दिली जातात आणि रक्ततपासण्या होतात. तोच डबा आधीच सडपातळ असलेल्या तरुणाने उचलला तर त्याच्याकडे जाळायला अंगावरची चरबी नसते. त्यामुळे लठ्ठ माणसाचा अनुभव ऐकून बारीक माणसाने तसे करणे हे सर्वांत धोक्याचे.

१४. प्रथिनांनी किडनी खराब होते का? माझे क्रिएटिनिन थोडे वाढलेले आले आहे.

क्रिएटिनिन हा मूत्रपिंडे बाहेर टाकतात असा रक्तातील टाकाऊ पदार्थ असून त्यावरून त्यांच्या कामाचा अंदाज घेतात. निरोगी मूत्रपिंडे जास्त प्रथिनांनी खराब होतात असे सिद्ध झालेले नाही. त्यांच्यावरचे काम वाढते, पाणी अधिक लागते, हे मात्र खरे. ज्यांची मूत्रपिंडे आधीच कमकुवत आहेत, त्यांच्या बाबतीत जास्त प्रथिनांमुळे ऱ्हासाचा वेग वाढतो. अवघड गोष्ट अशी की मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या कित्येकांना आपली मूत्रपिंडे बिघडली आहेत हे ठाऊकच नसते. त्यामुळे पस्तिशीनंतर, किंवा घरात मूत्रपिंडाच्या विकाराचा इतिहास असल्यास, प्रथिने वाढवण्यापूर्वी क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासावे.

आपल्या अहवालाबद्दल: शिजवलेले मांस भरपूर खाऊन लगेच तपासणी केली तर क्रिएटिनिन तात्पुरते वाढलेले दिसू शकते, आणि क्रिएटिन हे व्यायामासाठीचे पूरक घेणाऱ्यांतही ते वाढते. एक दिवस मांस टाळून, डॉक्टरांना सगळे खरे सांगून तपासणी पुन्हा करावी. गाउटचा (युरिक आम्ल साचून होणाऱ्या सांधेदुखीचा) त्रास असलेल्यांनी मांस-मासळीच्या प्रमाणाबद्दल स्वतंत्र सल्ला घ्यावा.

१५. मी मुलगी आहे, २३ वर्षांची. चिकन-अंडी-सॅलडवर वजन उतरले, पण तीन महिने पाळी आलेली नाही. घाबरण्यासारखे आहे का?

दुर्लक्ष करण्यासारखे नक्कीच नाही. गरोदरपणाची शक्यता आधी तपासून घ्यावी. ती नसेल, तर व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराला रोजच्या कामकाजासाठी पुरेशी ऊर्जा उरत नाही, म्हणून मेंदू पाळीचे चक्र थांबवतो, ही सर्वांत मोठी शक्यता आहे. प्रथिने लवकर पोट भरल्यासारखे करतात, त्यामुळे आपण किती कमी खातो आहोत हे कळतही नाही. पाळी बंद राहिली की इस्ट्रोजेन कमी होते आणि ज्या वयात हाडे भरायची, त्याच वयात ती विरळ होऊ लागतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे आणि भात, पोळी, तेल, तूप, दाणे हे पुन्हा सुरू करावे. वजनात दोन किलोंची वाढ झाली तर ती होऊ द्यावी.

१६. गरोदरपणात आणि मधुमेहात जास्त प्रथिने चालतात का?

गरोदरपणात प्रथिनांची गरज वाढते, पण ती संतुलित आहारातून भागावी. कुपोषित समाजांतील गरोदर स्त्रियांना उच्च प्रथिनांची पूरके देऊ नयेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण त्याने बाळाचे वजन सुधारत नाही, उलट बाळ लहान राहण्याची शक्यता दिसली. ऊर्जा आणि प्रथिने यांचा संतुलित पुरवठा मात्र उपयोगी ठरतो. डिंकाचा किंवा अळिवाचा लाडू पाहिला तर त्यात तूप, गूळ आणि खोबरे असते, हे सहज लक्षात येईल.

मधुमेहात प्रश्न औषधांचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना भात-पोळी अचानक बंद केली तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना कर्बोदके फार कमी केल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही किटोॲसिडोसिस (रक्त आम्लयुक्त होण्याचा गंभीर विकार) होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोराने श्वास ही त्याची लक्षणे. औषधांची मात्रा बदलल्याशिवाय आहार बदलू नये.

१७. त्रास सुरू झालाच तर काय करावे? रुग्णालयात केव्हा जावे?

सौम्य त्रासात औषध म्हणजे अन्नच. वरणभात-तूप, दहीभात, केळे, दाण्याचा लाडू अशा साध्या गोष्टी थोड्याथोड्या, दिवसातून पाच-सहा वेळा घ्याव्यात, पाणी आणि मीठ-साखर-पाणी घ्यावे, मांस आणि पावडर दोन-तीन दिवस बंद ठेवावी. बहुतेकांना दोन दिवसांत फरक पडतो.

गोंधळल्यासारखे वागणे, अतिझोप, सतत उलट्या, चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड किंवा लघवी फार कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि काय खात होतो ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. ज्याने आठवडेच्या आठवडे फारच कमी खाल्ले आहे, त्याला घरी एकदम गोडधोड भरवू नये. अशा शरीरात अचानक कर्बोदके गेली की रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतात आणि ते हृदयाला झेपत नाही.

१८. माझ्या मुलाला लहानपणापासून मांस-अंडी नकोच असतात, खाल्ली की मळमळते. आता व्यायामशाळेत त्याला पावडर घ्यायला लावत आहेत. घ्यावी का?

घेऊ नये, आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. काही थोड्या लोकांत युरिया-चक्रातील एखादे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते. त्यांपैकी ऑर्निथिन ट्रान्सकार्बामिलेजची कमतरता हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार असून तो एक्स गुणसूत्रावरून येतो. तीव्र स्वरूपात तो नवजात बाळातच दिसतो. सौम्य स्वरूपात मात्र माणूस नकळत प्रथिने टाळत मोठा होतो, आणि पावडर, लांब उपवास, मोठा ताप किंवा बाळंतपण अशा प्रसंगी रक्तातील अमोनिया एकाएकी वाढतो. तेव्हा उलट्या, असंबद्ध बोलणे आणि बेशुद्धी अशी लक्षणे येतात, आणि ती बाहेरून नशेसारखी किंवा मानसिक विकारासारखी दिसतात.

मांसाची नावड असलेल्या बहुतेक मुलांना असे काही नसते, म्हणून घाबरून जाऊ नये. पण नावड, मळमळ आणि घरात कधी काळी कारण न कळता दगावलेले लहान मुलगे असा इतिहास एकत्र दिसत असेल, तर रक्तातील अमोनियाची तपासणी सुचवावी. हा नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो, त्यामुळे तपासणी मोठ्या रुग्णालयातच करून घ्यावी.